हृदय-पुनर्वसन आणि औद्योगिक पट्ट्यातील कष्टकरी रुग्ण : संत तुकाराम नगरच्या संदर्भात

प्रस्तावना :
पिंपरीतील संत तुकाराम नगर येथे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय व डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. तिच्यामुळे अँजिओप्लास्टी व बायपास गरिबांच्या आवाक्यात आल्या. मात्र त्यानंतरचे पुनर्वसन तितके सुलभ झालेले नाही.

संकल्पना :
हृदय-पुनर्वसन म्हणजे देखरेखीखालील व्यायाम, औषधांतील सातत्य, आहार, तंबाखूमुक्ती व मानसिक आधार यांचा एकत्रित कार्यक्रम होय. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात ८५ चाचण्यांचा विचार झाला. व्यायामाधारित पुनर्वसनामुळे हृदयविकाराचे मृत्यू, पुन्हा येणारा झटका व रुग्णालयातील भरती घटते, असे त्यात आढळले.

मुख्य अडसर :
असा कार्यक्रम सामान्यतः आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही महिने चालतो. कंत्राटी कामगाराच्या दृष्टीने रुग्णालयाची प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा. कर्मचारी राज्य विम्याखालील पात्र कामगारास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते; बिगारी, फेरीवाले व घरकामगार यांपैकी बहुतेकांना हे संरक्षण नाही. म्हणजेच सेवा मोफत असली, तरी वेळ मोफत नसतो.

पर्याय :
म्हणून पुनर्वसन रुग्णाच्या घराजवळ नेणे आवश्यक ठरते. कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांत घरगुती कार्यक्रमाचे परिणाम केंद्रातील कार्यक्रमासारखेच असल्याचे अभ्यास सांगतात. सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीस मोजलेला व्हरांडा व घड्याळ पुरते. अर्थात, प्रशिक्षित व्यक्तीची उपस्थिती हवी. भारतातील २४ केंद्रांत ३,९५९ रुग्णांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘योगा-केअर’ चाचणीत योगाधारित कार्यक्रम तपासला गेला. गंभीर घटनांत लक्षणीय घट सिद्ध झाली नाही. परंतु रुग्णांचे स्वास्थ्य व पूर्वीच्या कामांकडे परतण्याची क्षमता सुधारली. ज्याची रोजीरोटी अंगमेहनतीवर आहे, त्याला हा लाभ मोलाचा आहे.

निष्कर्ष :
रुग्णालयाने जोखीम ठरवावी, महापालिकेच्या दवाखान्याने पाठपुरावा करावा आणि सत्रे पाळी सुटल्यावर किंवा साप्ताहिक सुट्टीला घ्यावीत. परिसरातील महाविद्यालयांनी मैदान, फिजिओथेरपीचे मार्गदर्शन व राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक उपलब्ध करून दिल्यास हा खर्च मर्यादित राहील. रुग्ण कामावर सुरक्षितपणे परतला, तरच शस्त्रक्रियेवर झालेला सार्वजनिक खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.