अधिट्ठान पारमी आणि मामूट्टी यांची भूमिका

दहा पारमींमध्ये अधिट्ठान ही आठवी. 'अधि' हा उपसर्ग आणि 'ठा', म्हणजे उभे राहणे, हा धातू, यांपासून हा शब्द सिद्ध होतो. 'दृढनिश्चय' या रूढ भाषांतराने त्याचा अर्थ पुरता उलगडत नाही. बुद्धवंसातील सुमेध तापस विरिय पारमीला सिंहाची उपमा देतो आणि अधिट्ठानाला शैलपर्वताची. सिंहाचा पराक्रम सहज दिसतो. पर्वताचे अचलत्व वादळाखेरीज ध्यानात येत नाही.

डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या २००० साली प्रदर्शित झालेल्या इंग्रजी चित्रपटातील मामूट्टी यांची भूमिका समजून घेण्यास हा भेद आम्हांस उपयोगी वाटतो. १९९८ चा उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार तिला अजय देवगण यांच्यासमवेत विभागून मिळाला. जयंतीच्या रंगमंचावर बाबासाहेब बहुधा सिंहरूपाने येतात: उंचावलेले बोट, चढा स्वर. त्यात गैर काही नाही. १९२७ साली महाडला सिंहच हवा होता. मामूट्टी यांचा स्वर मात्र संयत, हालचाल मोजकी आणि नजर समोरच्याचे ऐकून घेणारी आहे. (ते कायद्याचे पदवीधर आहेत, ही सवय तेथली असावी, असे म्हणण्याचा मोह होतो.)

खरी कसोटी पुणे कराराची. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. २० सप्टेंबरला येरवड्यात गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि २४ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या. राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. निश्चय म्हणजे केवळ न वाकणे, असे मानणारा नट येथे अडखळेल. ती सही तो पराभव म्हणून तरी रंगवील, नाहीतर मुत्सद्देगिरी म्हणून. मामूट्टी दोन्ही टाळतात. आपण काय गमावत आहोत हे त्यांच्या बाबासाहेबांना पक्के ठाऊक आहे. राग आहे, पण तो सांडत नाही. हा निश्चय एखाद्या योजनेवर उभा नव्हता, समाजाच्या मुक्तीवर उभा होता. 'अधि' आणि 'ठा' यांच्या संयोगातून आम्हांस हेच अभिप्रेत वाटते. म्हणूनच १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १९५६ ची नागपूरची दीक्षा यांमधील एकवीस वर्षे या भूमिकेत तुटक वाटत नाहीत.

एक उणीव राहतेच. चित्रपट इंग्रजी असल्यामुळे सभेत लोकांशी बोलणाऱ्या बाबासाहेबांची मराठी, तिचा खोचक विनोद आणि घरगुती दाखले तेथे ऐकू येत नाहीत.