हळद हवी, पण डब्यातली!

ऑफिसच्या मेडिकल चेकअपमध्ये सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टवर दोनच शब्द: फॅटी लिव्हर. ‘अरे, पण मी तर पीतही नाही!’ बॉस, त्यासाठी दारूच लागते असं कुठंय? दिवसभर खुर्ची, रात्री पिझ्झा-कोल्ड्रिंक, एवढंही पुरतं.

लिव्हरमध्ये चरबी साठली की फ्री रॅडिकल्स वाढतात, पेशींना इजा होते. हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीतली कॅटेचिन्स त्यांना आवरतात, म्हणून कॅप्सूल्सची चलती!

पण जरा थांबा. फोडणीतली चिमूटभर हळद वेगळी, कॅप्सूलमधला अर्क वेगळा. ग्रीन टीच्या अर्कातून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (हेही एक कॅटेचिनच) घेतलं तर लिव्हरलाच त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये बजावलं. हळदीच्या सप्लिमेंट्सनंतर हेपॅटायटिसच्या केसेस दिसल्या आणि २०२२ मध्ये इटलीने त्यांच्या लेबलवर ‘लिव्हरसाठी उत्तम’ छापाचे दावे करायला बंदी घातली.

मग करायचं काय? वजन ७ ते १० टक्के उतरवा, तेही हळूहळू. ८० किलोचे असाल तर साधारण ६ ते ८ किलो. डब्यात पालेभाजी, आवळा बिनधास्त. बिनसाखरेची ब्लॅक कॉफीही चालेल. कॅप्सूलची बाटली मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नका!