‘म्हस’ लिहिलं म्हणजे पोरगं चुकलं का? प्राण्यांच्या नावांवरून असं शिकवा शुद्धलेखन

वडगाव मावळ : संध्याकाळी मावळातल्या कुठल्याही वाडीत जा, एखाद्या ओट्यावरून ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असा गजर ऐकू येतोच. पोरगं घडाघडा म्हणतं, आईबाप खूश होतात. मात्र त्याच पोराला पाटीवर ‘मांजर’ लिहायला सांगितलं, तर कधी ‘माजर’ उमटतं, कधी ‘मंजार’. शब्द पाठ झालेला असतो, पण कुठल्या आवाजाला कुठलं चिन्ह हे डोक्यात बसलेलं नसतं.

पहिली-दुसरीच्या मुलांना लिहायला शिकवताना प्राण्यांच्या नावांसारखं दुसरं सोपं साधन नाही, कारण प्राणी ओळखीचे असतात. त्यात मावळातल्या मुलांकडे हा साठा शहरातल्या मुलांपेक्षा मोठा. गोठ्यात म्हैस आणि रेडकू, खाचरात बगळे आणि खेकडे, लोहगडाच्या वाटेवर माकडं, रानात भेकर, रानडुक्कर आणि कधीमधी बिबट्या. पुस्तकातला जिराफ त्यांनी पाहिलेला नसतो, पण घोरपड पाहिलेली असते. मग सुरुवात घोरपडीपासून का करू नये?

अडचण येते ती बोलीची. घरात ‘म्हस’ म्हणतात, ‘इंचू’ म्हणतात. मूल तसंच लिहितं, आणि वहीत लाल रेघ येते. खरं तर या मुलाने ऐकलेला आवाज अगदी बरोबर अक्षरात उतरवलेला असतो. म्हणजे निम्मी लढाई त्याने जिंकलेली असते. अशा वेळी ‘चूक’ म्हणण्याऐवजी ‘आपण घरात म्हस म्हणतो, पुस्तकात म्हैस लिहितात’ असं सांगून दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहावेत. ठाकर, कातकरी वस्तीवरच्या मुलांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. आपल्या घरचा शब्दच चुकीचा असं एकदा मनात बसलं, की मूल लिहायचंच टाळतं. मग ते मागच्या रांगेत बसतं आणि शाळाही नकोशी होते. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता-लिहिता यावं असं उद्दिष्ट ठेवलं आहे. मागच्या रांगेतली ही मुलं सुटली, तर ते पुरं होणार नाही.

अक्षरं शिकवताना अ-आ-इ-ई क्रमाने जायची गरज नाही. थोडी अक्षरं घेऊन लगेच शब्द बनवायचे, ही पद्धत फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी अनेक वर्षं राबवली. प्राण्यांच्या नावांनाही ती लागू पडते. आधी बिनमात्रेचा ‘मगर’, मग नुसत्या कान्याचे ससा, गवा, वाघ, घार. वेलांटी-उकार नंतर, जोडाक्षरं शेवटी.

खरी गंमत ऱ्हस्व-दीर्घाची. मोठी माणसंही इथेच अडखळतात. गाईचं वासरू, मेंढीचं कोकरू, शेळीचं करडू, म्हशीचं रेडकू, घोडीचं शिंगरू. ही नावं एकाखाली एक लिहून मुलांना शेवटचं अक्षर बघायला सांगा. सगळ्यांचा शेवटचा उकार दीर्घ. पाखरू, पिल्लू, लेकरू, आपला राज्यप्राणी शेकरूही त्याच ओळीत बसतो. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा नियम मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखन नियमांत आहे. पण मुलांना नियम सांगायचा नसतो. दहा पिल्लं ओळीत उभी केली की तो त्यांनाच दिसतो. मुंगी, चिमणी, शेळी, विंचू हेही मग आपोआप सुटतात.

पुढची पायरी ‘घूस’ आणि ‘वाघीण’. शेवटचं अक्षर बिनमात्रेचं असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, म्हणून उंदीर, मुंगूस, हत्तीण. पण ‘वाघिणीला’ म्हटलं की तीच वेलांटी ऱ्हस्व होते, ‘घुशीने’ म्हटलं की उकार ऱ्हस्व. हे पहिलीच्या मुलाला सांगत बसू नये, तिसरी-चौथीत सांगावं. तोवर ‘वाघिण’ लिहिलं तर आभाळ कोसळत नाही.

‘सिंह’ हा शब्द मात्र मुलांना हमखास फसवतो. आपण बोलतो ‘सिंव्ह’, लिहायचं ‘सिंह’. याला पाठांतराशिवाय इलाज नाही, पण पाठांतरही कोरडं नसावं. कार्ल्याच्या लेण्यासमोर उभा असलेला सिंहस्तंभ दाखवावा. वर चार सिंह आहेत. व्हरांड्यात भिंतीतून पुढे आलेले हत्ती आहेत, आत खांबांवर हत्ती बसलेत. बेडशाला गेलं तर खांबांच्या माथ्यावर घोडे, बैलही सापडतात. सहलीला गेलेल्या मुलांनी दिसेल त्या प्राण्याचं नाव वहीत लिहायचं, एवढा एक खेळ पुरतो. नाहीतर सहल वेफर्स खाण्यातच संपते.

रफारासाठी बैलांकडे वळावं. ‘सर्जा’ मधला अर्धा र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, तर ‘कुत्रा’ मधला र अक्षराच्या पायाशी येतो. शर्यतीच्या नादात असलेल्या पोरांना हा फरक एका दिवसात कळतो.

आता इंग्रजीचं. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि पालकांची सगळी घाई तिथेच. मराठीत ‘क’चं नाव ‘क’ आणि आवाजही ‘क’च. इंग्रजीत अक्षराचं नाव ‘सी’, पण ‘कॅट’ मध्ये आवाज ‘क’चा. त्यामुळे ‘सी-ए-टी’ कितीही घोकलं तरी त्यातून ‘कॅट’ निघत नाही. आधी ‘क्-ॲ-ट्’ असे आवाज सुटे करून म्हणावेत, मग अक्षरं दाखवावीत. कॅट झालं की पहिलं अक्षर बदलून रॅट, बॅट. पुढे हेन, पिग, डॉग. ‘एलिफंट’ मध्ये ‘फ’साठी पी आणि एच का येतात, ही भानगड वर्ष-दोन वर्षांनी पाहिली तरी चालते.

भातलावणीच्या दिवसांत आणखी चार नावं शिकवावीत : नाग, घोणस, फुरसे, मण्यार. राज्यातल्या सर्पदंशांत जीवघेणे ठरणारे हे मुख्य चार साप. नागाला नुसता काना, घोणसला काना-मात्रा, फुरसेला ऱ्हस्व उकार आणि मात्रा, मण्यारला जोडाक्षर, म्हणजे वर्षभराचा अभ्यास चार शब्दांत आला. त्यासोबत एवढंही लिहून घ्यावं, की साप चावला तर ओळख पटवायला किंवा मारायला थांबायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. दवाखान्यात मिळणारी लस या चारही सापांच्या विषावर चालते. पहिली-दुसरीतल्या पोराने हे चार शब्द आणि खालची ओळ मोठ्या अक्षरात कागदावर लिहावी, आणि तो कागद घरात दाराजवळ चिकटवावा. लिहिताना ‘मन्यार’ झालं असेल तर तो कागद फाडू नये. शेजारी ‘मण्यार’ लिहून द्यावं.