पांढऱ्या पट्ट्यांचा शोभेचा ताड व त्यास लागणारा उजेड

सूरजागडच्या बाजूस ताडाच्या वर्गांतील झाड कोणास नवें नाहीं. नाल्याच्या कांठचा गोरगा, उघड्या मुरमाड जागेंतील शिंदी, दक्षिणेस सिरोंच्याकडे बांधावर उभे असलेले ताड, हीं आपण लहानपणापासून पाहत आलों. परंतु रोपवाटिकांतून कुंडींत मिळणारा पांढऱ्या किंवा पिवळसर पट्ट्यांचा जो शोभेचा ताड हौशी लोक घरीं आणतात, त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची किंमत त्याच जातीच्या हिरव्या रोपाहून पुष्कळ जास्त असते. आणि आणलेल्यांपैकीं कित्येक रोपें पहिल्याच उन्हाळ्यांत करपतात, किंवा माजघराच्या अंधारांत वर्षभर कुढून मरतात. दोष बहुधा पाण्यास अथवा खतास दिला जातो. आमच्या मतें तो बहुतेक वेळां उजेडाचा असतो.

प्रथम पट्टा म्हणजे काय तें पाहूं. पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाश धरून, हवेंतील कर्बवायु व मुळांवाटे आलेलें पाणी यांपासून साखर करतें. पांढऱ्या भागांत हें द्रव्य नसतें. अर्थात् अर्धें पान पांढरें असेल तर त्या कुटुंबांत कमावते हात निम्मे आणि खाणारीं तोंडें मात्र तेवढींच. म्हणून पट्टेदार झाडास हिरव्या भावंडापेक्षां उजेड अधिक लागतो. पण दुसऱ्या बाजूनें, कडक उन्हाचा मारा सोसण्यासाठीं पानांत जीं रक्षक रंगद्रव्यें असतात, तींहि पांढऱ्या भागांत कमी असतात. त्यामुळें ऊन लागलें कीं तोच भाग आधीं भाजून तपकिरी होतो. सारांश, उजेड जास्त हवा आणि ऊन कमी हवें. उजेड व ऊन या दोन वस्तु एक नव्हेत, हें ज्यास उमगलें त्याचें रोप जगलें.

पट्टा उजेडानें उत्पन्न होतो, ही समजूतहि चुकीची आहे. तो शेंड्यांतील कोंबाच्या कांहीं पेशींत हरितद्रव्य तयार होत नसल्यामुळें पडतो. उन्हांत ठेवल्यानें पान पिवळें पडतें खरें, पण तो पट्टा नव्हे, ती दुखापत होय.

ताडांतहि जातीजातींत फरक आहे. शिंदी भर उन्हांतली. गोरग्याचें पोर मोठ्या झाडांच्या सावलींत वाढतें आणि मग डोकें वर काढतें. कुंडीस उत्तम असा जो रॅफिस, तो मूळचा दक्षिण चीनकडचा असून सावलीस सरावलेला आहे. जपानांत यास कान्नोनचिकु, म्हणजे कान्नोनचा वेळू, म्हणतात. कान्नोन म्हणजे बौद्धांचा अवलोकितेश्वर. तेथें एदो काळापासून याच्या पट्टेदार जाती नांवें देऊन जपल्या जात आहेत. रॅफिस पुरविणारे रोपवाटिकाकार सुमारें तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडें अधिक ऊन अडविणाऱ्या जाळीखालीं तो वाढवितात. याच्या उलट मादागास्करहून आलेला अरेका ताड थोडें अधिक ऊन सोसतो, तरी त्याचीहि पट्टेदार जात असेल तर सांभाळूनच असावें.

आतां आपल्या मुलखाचें ऊन. सूरजागड विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेएकोणीस अंशांवर आहे. त्यामुळें सूर्य येथें वर्षांतून दोनदां बरोबर डोक्यावर येतो, एकदां मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत व पुन्हां जुलैच्या २५ तारखेच्या सुमारास. मधल्या काळांत माध्यान्हीचा सूर्य किंचित् उत्तरेकडे असतो, म्हणून दक्षिणेच्या पडवींत भर उन्हाळ्यांत दुपारचें ऊन मुळींच शिरत नाहीं. परंतु डिसेंबरांत हाच सूर्य दक्षिणेस कलून क्षितिजापासून सुमारें ४७ अंशांवर राहतो. वळचण पडवीच्या जमिनीपासून सात फूट उंच असेल, तर त्या दिवसांत दुपारचें ऊन पागोळ्यांच्या रेषेपासून साडेसहा फूट आंत येतें. जी जागा मे महिन्यांत सावलीची म्हणून निवडली, तीच पौषांत उन्हाची होते. हिवाळ्याचें ऊन मवाळ, त्यानें सहसा पान जळत नाहीं. तरी कुंडी दोन हात मागें घ्यावी. पूर्वेच्या ओसरीवरील सकाळचें एक-दोन तासांचें ऊन मानवतें. पश्चिमेची बाजू मात्र मार्चपासून पाऊस पडेपर्यंत सर्वथा वर्ज्य समजावी. चंद्रपूर-गडचिरोलीकडे पारा ४५ अंशांच्या पुढें जातो तेव्हां भिंतहि तापलेल्या तव्यासारखी असते.

झाडाखालीं कुंडी ठेवणाऱ्यांस एक इशारा द्यावासा वाटतो. आपलें रान पानगळीचें. सागाची सावली पावसाळ्यांत दाट असते, पण उन्हाळ्यांत जेव्हां तिची गरज तेव्हां साग ओका असतो. मोहहि फुलण्याच्या सुमारास पानें टाकतो. आंबा किंवा जांभूळ यांखालीं मात्र बारा महिने छाया मिळते. आणि पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत उजेड इतका उतरतो कीं, आंतली कुंडी वळचणीच्या बाजूस पुढें आणणें इष्ट.

उजेड किती, हें डोळ्यांवर सोंपवूं नये. आम्ही महसुलांत असतांना नजर आणेवारीचे घोटाळे पुष्कळ पाहिले. उजेडाची नजर आणेवारी त्याहून फसवी, कारण डोळ्याची बाहुली अंधारांत मोठी होऊन सर्व ठीक असल्याचें भासविते. उघड्यावर दुपारीं सुमारें एक लाख लक्स उजेड असतो, खिडकीपाशीं एक-दोन हजार, आणि माजघरांत शंभरहि नसतो. हल्लीं खिशांतल्या दूरध्वनींतहि उजेड मोजण्याची सोय असते. ती काटेकोर नसली तरी दोन जागांची तुलना करण्यास पुरते. तेंहि नको असेल तर पांढरा कागद पानाच्या उंचीवर धरून त्यावर एक फुटावर हात धरावा. सावली काळी व रेखीव पडली तर जागा उन्हाची. कडा पुसट पण बोटें ओळखूं येतात, ती जागा या झाडाची. सावली दिसतच नसेल तर झाड तेथें जगणार नाहीं, उपास काढील. सांठविलेलें पीठ संपेपर्यंत बरें दिसेल आणि मग खचेल. अशा अंधारांत तें पाणीहि थोडेंच पितें, म्हणून नेहमींच्या हातानें पाणी घातल्यास मूळ कुजतें.

जागा बदलणें तें हळूहळू. सावलींत तयार झालेलें पान पुढें उन्हास सरावत नाहीं; नवें पान मात्र नव्या जागेच्या मानानें येतें. ताडाच्या दांड्यास वर्षाकाठीं थोडींच पानें येतात, तेव्हां एका दुपारींत भाजलेलें पान पुढें फार दिवस डोळ्यांसमोर राहतें. दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानें कुंडी सरकवावी.

बुंध्याशीं येणाऱ्या फुटव्यांवर नजर असावी. कधीं अगदीं हिरवा फुटवा येतो. त्याचे कमावते हात पुरे असल्यानें तो पट्टेदारांस मागें टाकून कुंडी बळकावतो. तो मुळापासून काढावा. काढलेला निराळा लावल्यास साधा हिरवा ताड मिळतोच. शुभ्र फुटवा दिसण्यास सुंदर, पण आईस चिकटून आहे तोंवरच जगतो. वेगळा करून कोणी विकत असेल तर घेऊं नये.

फसवणुकीचा दुसरा प्रकार म्हणजे उपाशी झाड पट्टेदार म्हणून खपविणें. खऱ्या पट्ट्याची कड सुरीनें कापल्यासारखी स्पष्ट असते व तो पानाच्या लांबीनें धांवतो. शिरा हिरव्या व मधला भाग पिवळट, आणि हें कोंवळ्या पानांवर, तर ती लोहाची उणीव. जुन्या पानांवर कडेनें पिवळेपणा, तर पालाश किंवा मॅग्नेशियमची. लोहाच्या पहाडाशेजारीं राहून झाडास लोह न मिळावें हें नवल खरें, पण येथील लाल दगडांतलें लोह गंजाच्या रूपांत बांधलेलें असतें. चुनखडीचें पाणी घातल्यास तें आणखीच घट्ट बसतें.

धुळीचेंहि सांगितलें पाहिजे. इ. स. २०२१ नंतर पहाडांतून खनिज नेणाऱ्या गाड्यांची रहदारी वाढली, आणि रस्त्यालगतच्या पानांवर लाल पूट चढतें. ज्या झाडास निम्म्या पानावर संसार करावयाचा, त्याच्या उरलेल्या हिरव्यावरहि पडदा पडला तर तें काय कमावणार? आठवड्यांतून एकदां ओल्या मऊ फडक्यानें पानें दोन्ही बाजूंनीं पुसावीं. तेल किंवा दूध लावून चकाकी आणूं नये; त्यावर धूळ अधिक बसते.

रोपें वाढवून विकण्याची इच्छा असणारांनीं बियांच्या नादीं लागूं नये, बीजांतून पट्टा येण्याचा भरंवसा नसतो. मृग लागून हवा ओली झाल्यावर, स्वतःचीं मुळें असलेला व हिरवें-पांढरें दोन्ही अंगांत असलेला फुटवा धारदार सुरीनें वेगळा करावा आणि नवें पान उघडेपर्यंत आईपेक्षांहि थोड्या दाट सावलींत ठेवावा.