टोमॅटोच्या पोटातली बी रुजत का नाही?

चिमे, तो टोमॅटो मधोमध काप आणि नीट बघ. दर बीभोवती बुळबुळीत, पारदर्शक गराची पिशवी आहे ना? आता मला सांग, बी रुजायला काय लागतं? ओल आणि ऊब. टोमॅटोत तर नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि आपल्याकडची ऊबही त्याला पुरेशी आहे. मग इतक्या ओलीत बसूनही बी रुजत का नाही?

कारण झाडानंच तिला थांबवून धरलंय. फळात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं द्रव्य असतं, ते बीला रुजू देत नाही. शिवाय गराचा रस इतका दाट, की बीला त्यातून पुरतं पाणी ओढता येत नाही. फळाच्या पोटात कोंब फुटला, तर तो जाणार कुठे? मुळं धरायला माती नाही, पानांना ऊन नाही. फार दिवस राहिलेल्या टोमॅटोत कधीकधी हा अडसर सुटतो आणि आतच पांढरे कोंब वळवळताना दिसतात. पाहिलेस तर घाबरू नकोस, कीड नव्हे ती.

गॅलापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोची तऱ्हा तर ऐकण्यासारखी आहे. त्याच्या बीचं कवच इतकं चिवट, की नुसती पेरली तर क्वचितच रुजते. चार्ल्स रिक आणि रॉबर्ट बोमन या शास्त्रज्ञांनी ही फळं तिथल्या महाकाय कासवांना खाऊ घातली. कासवाचं पचन संथ, बी त्याच्या पोटात आठवडा-दोन आठवडेही राहते. पण विष्ठेतून बाहेर पडलेल्या बिया भराभर रुजल्या! त्यांनी हे 1961 साली छापून सांगितलं. एवढ्या वेळात कासव कुठल्या कुठे गेलेलं असतं, म्हणजे बीचा प्रवासही झालाच की. मला तर या गोष्टीचं नवल अजून सरत नाही.

आपल्या टोमॅटोला कासव नको. रानात फळ गळतं, सडतं, आंबतं आणि गर सुटतो. तेच आपण भांड्यात करायचं. गरासकट बिया थोड्या पाण्यात घालून दोन-तीन दिवस ठेव. वर फेस येईल, आंबूस वास सुटेल, चांगल्या बिया तळाशी बसतील. त्या गाळणीत चोळून धू आणि सावलीत वाळव. कागदावर नको, चिकटून बसतात, ताटलीत पसर. फळ मात्र गावरान वाणाचं घे. संकरित टोमॅटोच्या बियाही रुजतात, पण फळं आईसारखी येतीलच असं नाही.

पेरताना बी अर्धा-एक सेंटिमीटर खोल टाक, माती ओलसर राहू दे. आठवड्याभरात मातीतून आधी वाकलेली मान वर येते. शेंडा पुढे काढला तर मातीत घासून सोलवटेल, म्हणून रोप मानेनं माती उचलतं आणि उजेड दिसला की ताठ होतं. कधी बीचं कवच पानांच्या टोकाला अडकून राहतं. ओढू नकोस, पाण्याचा थेंब सोड, नरम पडून आपोआप निघेल.

रोप वीतभर झालं की मोठ्या कुंडीत लाव, तेही खालची पानं खुडून, निम्मा दांडा मातीत जाईल इतकं खोल. वांग्या-मिरचीला असं कुणी पुरत नाही. टोमॅटोच्या दांड्याला मात्र माती लागेल तिथं मुळं फुटतात, आणि जितकी मुळं जास्त तितकं झाड जोमदार.