उद्या मुंबईत मोर्चा आहे म्हणे!

थर्ड इयर संपत आलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मुंबईच्या फेऱ्या सुरू होतात. कुणाचा इंटरव्ह्यू, कुणाचं प्रोजेक्टचं स्पॉन्सरशिप लेटर, तर कुणाचं व्हिसाचं काम. आणि नेमकं आदल्या रात्री घरून फोन येतो, "अरे, टीव्हीवर दाखवतायत, उद्या मुंबईत लाखांचा मोर्चा आहे. जाऊ नकोस!" आता इंटरव्ह्यू काही मोर्चा बघून पुढे ढकलला जात नाही. मग करायचं काय?

मित्रांनो, मोर्चा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते बहुतेक टीव्हीवरचं असतं. एकच चौक, एकच कॅमेरा आणि खाली पट्टी, 'मुंबई ठप्प'. प्रत्यक्षात मोठ्यात मोठ्या मोर्च्यालाही एक सुरुवात असते, एक मार्ग असतो, एक शेवट असतो आणि एक वेळापत्रक असतं. आपण इंजिनिअरिंगवाले आहोत. पाइपमधून पाणी कसं जातं हे शिकायला दोन सेमिस्टर घालवली आहेत. तेच ज्ञान इथे वापरून बघू. कुणाच्या मागण्या बरोबर आणि कुणाच्या चूक, हा या लेखाचा विषय नाही.

आधी भूगोल. मुंबईतले बहुतेक मोठे मोर्चे शेवटी आझाद मैदानावरच जातात. पूर्वी ते काळ्या घोड्यापर्यंत, थेट मंत्रालयाच्या तोंडाशी यायचे. पुढे रहिवाशांच्या तक्रारी, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि आझाद मैदान ही आंदोलनांची ठरलेली जागा झाली. मैदानाच्या एका बाजूला सीएसएमटी (आपल्या जिभेवर अजून व्हीटीच!) आणि दुसऱ्या बाजूला, चालत पंधरा-वीस मिनिटांवर, चर्चगेट. म्हणजे मध्य आणि हार्बर रेल्वेचं शेवटचं स्टेशन मोर्च्याच्या अगदी दारात, तर पश्चिम रेल्वेचं थोडं लांब. एवढा नकाशा डोक्यात बसला की अर्धं काम झालं. नाशिक, पुणे, नगरकडून येणाऱ्याने व्हीटीपर्यंत जायचंच नाही. दादरला उतरा, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे पकडा, चर्चगेटला उतरा आणि हुतात्मा चौकाकडून फोर्टमध्ये शिरा. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली आहे. तिचं हुतात्मा चौक हे वेगळं स्टेशन आहे, त्यामुळे आणखी एक वाट मिळाली. पण मैदानाशेजारचं स्टेशन गर्दीमुळे थोडा वेळ बंद ठेवलं जाऊ शकतं, म्हणून पुढच्या-मागच्या स्टेशनांची नावंही पाठ ठेवा. आणि ज्यांचं काम बीकेसीला किंवा अंधेरीला आहे त्यांच्या बाबतीत 'मुंबई ठप्प' ही बातमी बऱ्याचदा चार-पाच चौरस किलोमीटरपुरतीच खरी असते. घरच्यांना हे समजावून सांगणं मात्र व्हायवापेक्षा कठीण!

आता गणित. टीव्हीवर 'लाखांचा जनसागर' म्हणतात, पण मोजतात कसं? १९६० च्या दशकात अमेरिकेत बर्कले विद्यापीठात हर्बर्ट जेकब्ज नावाचे पत्रकारितेचे प्राध्यापक होते. त्यांच्या ऑफिसच्या खिडकीतून व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जमणारे विद्यार्थी दिसायचे. खालच्या फरसबंदीवर चौकोन आखलेले होते. त्यांनी एकेका चौकोनात किती डोकी आहेत ते मोजलं आणि ढोबळ नियम बसवला: सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार आणि अगदी चेंगरून उभे असतील तर अडीच. ६० फूट रुंद रस्ता घ्या, लांबी एक किलोमीटर म्हणजे ३२८० फूट. क्षेत्रफळ झालं १,९६,८०० चौरस फूट. सैल गर्दी धरली तर त्यात जेमतेम २० हजार माणसं मावतात, दाट धरली तर ४४ हजार. म्हणजे एका किलोमीटरच्या रस्त्यावर पाच लाख माणसं कुणी उभी करून दाखवली तर त्याला कागद-पेन्सिल द्यावी.

पण आपल्याला आकडा नको आहे, वेळ हवी आहे. चालणाऱ्या मोर्च्याला सरळ फ्लुइडचं समीकरण लावा. प्रवाह म्हणजे रुंदी गुणिले घनता गुणिले वेग. रस्ता १८ मीटर रुंद, दर चौरस मीटरला दीड माणूस, वेग सेकंदाला ०.८ मीटर (घोषणा देत चालणारा माणूस रमतगमतच चालतो). उत्तर येतं सेकंदाला २१.६ माणसं, म्हणजे तासाला सुमारे ७८ हजार. दोन लाखांचा मोर्चा एका सिग्नलवरून पूर्ण जायला अडीच तासांहून जास्त लागणार. थोडक्यात, मोर्च्याचं डोकं तुमच्या समोर आलं आणि तुमचं ऑफिस पलीकडच्या फुटपाथवर असेल, तर 'दोन मिनिटं थांबू, जाईल' हा विचार सोडून द्या. एकतर तो यायच्या आधी पलीकडे जा, नाहीतर लांबचा वळसा घ्या.

अगदीच मधून जावं लागलं तर? काटकोनात घुसायचं नाही. मोर्च्याच्याच दिशेने चालत हळूहळू तिरकं सरकायचं, पुराच्या पाण्यातून पोहणारा जसा धारेबरोबर वाहत काठ गाठतो तसं. दर चौरस मीटरला चार माणसांपर्यंत आपण आपल्या मर्जीने हलू शकतो. सहा-सातच्या वर गेलं की गर्दी खरोखर द्रवासारखी वागते, तिच्यात लाटा जातात आणि पाय उचलले तरी माणूस पडत नाही, वाहून जातो. तिथे ताकदीचा काही उपयोग नसतो. मात्र एक सांगायला हवं. मुंबईत उघड्या रस्त्यापेक्षा धोका असतो तो अरुंद जागेचा. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. त्या दिवशी तिथे कुठलाही मोर्चा नव्हता. पाऊस होता, ऑफिसची गर्दी होती आणि जिना अरुंद होता. म्हणून मोर्च्याच्या दिवशी मैदानापासून लांब राहण्यापेक्षाही पूल, जिने आणि सबवे यांच्या तोंडापासून लांब राहा. जिन्यावर गर्दी अडलेली दिसली की मागेच थांबा. लोकल चुकली तर चार मिनिटांनी दुसरी येते.

आता मोबाइल. हा आपल्या ईएनटीसीवाल्यांचा प्रांत. मोर्च्यात फोन 'फुल टॉवर' दाखवतो आणि तरीही लागत नाही, हे का? दांड्या दाखवतात सिग्नलची ताकद, जागा शिल्लक आहे की नाही हे नाही. फोरजीमध्ये फोनला बोलण्याआधी टॉवरकडे 'मला जागा द्या' असा हात वर करावा लागतो. त्यासाठी एका सेलमध्ये एका वेळी फक्त ६४ खुणा उपलब्ध असतात. दोघांनी एकच खूण उचलली की टक्कर, आणि दोघांनीही थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. दहा हजार फोन एकदम हात वर करू लागले तर काय होईल ते आपल्या मेसच्या लायनीत रोज दिसतंच. त्यात प्रत्येक जण व्हिडिओ वर पाठवत असतो, आणि नेटवर्कची रचना मुळात खाली उतरवण्यासाठी, म्हणजे डाऊनलोडसाठी, झुकलेली असते. अपलोडची वाट आधीच अरुंद. शिवाय सतत जागा शोधणारा फोन पूर्ण ताकदीने ओरडत राहतो, त्यामुळे बॅटरी भराभर उतरते.

यावर उपाय साधे आहेत. पत्ता, इंटरव्ह्यूचं पत्र, परतीचं तिकीट यांची प्रिंट खिशात ठेवा. नकाशा आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवा. पोचल्याचा निरोप द्यायचा तर कॉलवर कॉल न करता साधा एसएमएस करा. तो आकाराने छोटा असतो आणि पलीकडच्याला लगेच पोचला नाही तरी सेंटर तो जपून ठेवतं व पुन्हापुन्हा पाठवत राहतं. थोडे सुटे पैसेही जवळ ठेवा, कारण चहावाल्याचा क्यूआर कोडही त्याच नेटवर्कवर चालतो. आणि मित्राला भेटायचं असेल तर 'पोचलो की फोन करतो' हे वाक्य विसरा. 'दोन वाजता, चर्चगेट स्टेशन, इंडिकेटरखाली' असं आमच्या वडिलांच्या पिढीसारखं ठरवा.

मोर्चे सगळे एका जातीचे नसतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. ९ ऑगस्ट २०१७ चा मराठा क्रांती मूक मोर्चा भायखळ्याच्या जिजामाता उद्यानापासून आझाद मैदानापर्यंत गेला. एका दिवसाचा, मार्ग आधी जाहीर, स्वयंसेवक जागोजागी. अशा दिवशी सकाळचं वर्तमानपत्र वाचलं तरी आपला बेत आखता येतो. याउलट २९ ऑगस्ट २०२५ ला आझाद मैदानावर मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू झालं, ते ऐन गणपतीत आणि पावसात. परवानगी पाच हजार माणसांची होती, आली त्याच्या कितीतरी पट. लोक सीएसएमटीच्या फलाटांवर झोपले, रस्त्यावर स्वयंपाक झाला, गाड्या जागा मिळेल तिथे लागल्या आणि उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करायला सांगेपर्यंत प्रकरण गेलं. २ सप्टेंबरला ते मिटलं. असा मुक्काम पडला की आपली समीकरणं कोलमडतात, कारण प्रवाह थांबून साठा तयार झालेला असतो. तेव्हा शक्य असेल तर फोन करून तारीख बदलून मागावी. बऱ्याच कंपन्या देतात. मागायला लाजू नये.

आणि हो, ज्यांना आपण 'गर्दी' म्हणतोय ती माणसं बहुधा आपल्याच तालुक्यातली असतात. रस्ता विचारायचा तर त्यांच्या स्वयंसेवकाला विचारा. "कुठला रे पोरा तू?" एवढं झालं की पुढची वाट तोच काढून देतो. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो शेतकरी नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आले. ११ तारखेच्या रात्री मुक्काम शीवच्या सोमय्या मैदानावर होता. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी निघालो तर पोरांची वाट अडेल म्हणून ही माणसं, पायांना फोड आलेले असताना, झोप सोडून मध्यरात्रीनंतर चालू लागली आणि उजाडताना आझाद मैदानावर पोचली. त्या दिवशी पेपर देणाऱ्यांपैकी काही जण पुढे आपल्यासारखेच इंजिनिअरिंगला आले असतील.

राहता राहिला परतीचा प्रवास, आणि खरी कसोटी तिथेच आहे. मोर्चा येतो हप्त्याहप्त्याने, पण जातो एकदम. बारा डब्यांच्या लोकलमध्ये कोंबून कोंबून पाच-सहा हजार माणसं मावतात. सभा पाच वाजता संपली आणि ५० हजार लोक व्हीटीकडे वळले, तर नऊ-दहा लोकल नुसत्या त्यांनाच लागतील, आणि तीच ऑफिस सुटायची वेळ. म्हणून इंटरव्ह्यू तीनला संपला तर रेंगाळू नका, चर्चगेटहून दादर गाठा. पाचनंतर संपला तर उलट करा, मरीन ड्राइव्हवर कट्ट्यावर बसा, शेंगदाणे खा, आठ वाजू द्या. लांबच्या गाडीचं रिझर्व्हेशन असेल तर ते आधीच दादर किंवा ठाण्याहून बोर्डिंग टाकून ठेवा. २०१८ च्या त्या संध्याकाळी मागण्या मान्य झाल्यावर शेतकऱ्यांसाठी रेल्वेने भुसावळकडे खास गाड्या सोडल्या होत्या. सहा दिवस चालत आलेली माणसं त्याच रात्री गाडीने घरी निघाली.