गॅटचे २४वे कलम आणि भारतीय कापड

राष्ट्रांनी गट करून आपापसांतील ‘जवळजवळ सर्व’ व्यापार मुक्त करावा. मात्र त्या निमित्ताने बाहेरच्यांसाठी कुंपण पूर्वीपेक्षा उंच करू नये, हे गॅट कराराच्या २४व्या कलमाचे सार होय. १९९६ साली युरोपीय संघाशी जकातसंघ जोडताना तुर्कस्तानने भारतीय कापड व कपड्यांच्या १९ प्रकारांवर आयातमर्यादा घातल्या. त्यांवाचून संघ होणारच नाही, हा त्याचा बचाव. भारताने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९९मध्ये तिच्या अपील मंडळाने तो बचाव फेटाळला : माल मूळ कोठला, याचे दाखले तपासूनही तुर्की कापड वेगळे ओळखता आले असते. ‘जवळजवळ’ म्हणजे किती, यावर मात्र सभासदांचे कधीच एकमत झालेले नाही, हेही मंडळाने तेथेच नोंदविले. आयुष्यभर शब्दार्थ शिकविलेल्या मला ही ढिलाई खटकते. शिवाय पुरेशा सदस्यांअभावी डिसेंबर २०१९पासून त्या मंडळाला नवी अपिले ऐकताच आलेली नाहीत.